आणणार कोण

सोमवार, ११ सप्टेंबर

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, याची मला खात्री होती. म्हणून मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आई सुखरूप आहे.’ तरीही आत आलाच आहेस, तर आता पुढचं वाच.

फोन अजून बंद आहेत. औषधांची गाडी रिकामी परत जाते, तिच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतेय. खरं तर फोन चालू असते तरी मी पत्रच लिहिलं असतं. सहा वर्षांनी बोलायचं म्हटलं तर दुसऱ्या मिनिटाला आपण भांडू, आणि पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी धरणावरच्या इंजिनिअरांचा फोन आला. वरच्या खोऱ्यात ढग फुटल्यासारखा पाऊस झालेला, पाणी सोडण्याशिवाय इलाज नाही. एरवी आम्हाला चार तास मिळतात. त्या दिवशी दीड तासही नव्हता.

आमचा नियंत्रण कक्ष तू पाहिलेला नाहीस. पाहण्यासारखं तिथं काही नाहीच. कचेरीच्या पहिल्या मजल्यावर एक लांब टेबल आणि त्याला सात खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पुठ्ठा चिकटवलाय: पाणी, रस्ते, दवाखाने, वीज, निवारा, बस, सूचना. सूचना म्हणजे मी. गावभर खांबांवरच्या कर्ण्यांतून ऐकू येतो तो माझा आवाज. भिंतीवर फळा आहे, आणि जे काही घडेल ते वेळेसकट त्यावर लिहिणारा एक अबोल माणूस. नियम दोनच. कुणी ओरडायचं नाही. आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही.

अकरा वर्षं मी तो आपत्तीचा आराखडा सांभाळतेय. दर वर्षी त्यातले तीनशे बारा फोन नंबर एकेक फिरवून बघते, माणूस आहे का, नंबर तोच आहे का. लोक वैतागतात. बेकरीवाला तर म्हणाला होता, “बाई, जिवंत आहे मी. मेलो की आपणहून कळवीन.” कचेरीत मला ‘यादीबाई’ म्हणतात, तेही प्रेमानं नाही.

दादा, त्या दिवशी माझ्या कागदावरच्या ओळी उठून चालायला लागल्या. दुसरं कसं सांगू? शाळेच्या मोठ्या बाई परगावी होत्या, पण आराखड्यात दुसरी किल्ली झाडणाऱ्या मावशींकडे लिहिली होती. बत्तीस मिनिटांनी माझा फोन गेला तेव्हा मावशींनी व्यायामशाळा उघडून, झाडून, सतरंज्याही टाकल्या होत्या. बेकरीवाल्यानं ट्रे भरून पाव पाठवले, वर निरोप, “सांगा यादीबाईंना, आहे.” दवाखान्यात तळमजल्यावरचे अकरा रुग्ण दुसऱ्या मजल्यावर न्यायचे होते. पाणी येणार म्हणून लिफ्ट बंद. डॉक्टर, स्वयंपाकी, भेटायला आलेले लोक, सगळे जिन्यावर दोन्ही बाजूंनी उभे राहिले आणि हातोहात माणसं वर गेली. त्यातल्या निम्म्या लोकांना आराखडा नावाचं काही असतं हे माहीतही नसेल. जिथं कुणी उभं राहायला हवं होतं, तिथं कुणीतरी उभं होतं.

चार हजार दोनशे बारा माणसं. तासाभरात. एकही गेलं नाही. संध्याकाळी मी बाथरूमची कडी लावून रडले. दुःखानं नाही. माणसं इतकी चांगली असू शकतात हे अंगावर आलं माझ्या.

आपल्या गल्लीत पाणी खिडक्यांच्या वर चढलं. ‘मी सांगितलं होतं,’ असं तू म्हणशील. हो, सांगितलं होतंस. बाबा गेल्यावर आठवडाभरात तू आईला तुझ्याकडे न्यायला निघाला होतास, आणि मी म्हटलं होतं, “पाणी यायचं असेल तर सगळ्यात आधी मला कळेल. मी बसते त्या कचेरीत. आई कुठं जाणार नाही.” आणखीही एक म्हटलं होतं, की तुला आई फोटोपुरती हवी असते. ते बोलायला नको होतं.

आई शाळेत पोचली, आता वरच्या वस्तीत माझ्यासोबत आहे. तू यायची घाई करू नकोस. बाकीच्यांना रस्ते बंदच आहेत.

तुझी धाकटी

&nbsp;

गुरुवार, २१ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. मायना नाही, खाली सही नाही, चार ओळी. आमच्याकडे नोटिसा सुद्धा याहून मायेनं लिहितात. तरी मी ते उशीखाली ठेवलंय, हे तुला सांगून टाकते.

फोन सुरू झाल्याबरोबर रविवारी तू आईशी बोललास आणि ती म्हणाली, “मला खुर्चीसकट उचलून आणलं.” त्यावरून तुझे तीन प्रश्न. कुणी आणलं? इतक्या उशिरा का? आणि ‘माझी लेक येणार होती’ असं ती म्हणते, ते काय? आपल्या आईच्या पोटात काही राहत नाही, हे मी विसरले होते.

ऐक तर. निवारा केंद्र म्हणून आमच्या पाच शाळा आहेत. माणूस आत आला की त्याच्या गल्लीच्या यादीत खूण होते. सगळे आले असं वाटलं तरी थांबायचं नाही, हजेरी पुरी करायची. दहा वाजून दोन मिनिटांनी पाचही शाळांची बेरीज झाली. निवाऱ्याच्या खुर्चीवर आमच्याकडे एक चित्रकलेचे मास्तर असतात, सदा खडूनं माखलेले. ते म्हणाले, “एक कमी.”

फळ्यावरच्या अबोल माणसानं लिहिलं, ‘एक कमी’. आणि टेबल थांबलं, दादा. चार हजार माणसं सुखरूप होती. पाणी पुलाला लागलं होतं. बेरजेत एकाचा फरक तर आपण घरच्या वाणसामानातही सोडून देतो. पण त्या खोलीत एकालाही वाटलं नाही की जाऊ दे, कुणीतरी परस्पर पाहुण्यांकडे गेलं असेल. मास्तरांनी पाचही याद्या पुन्हा लावल्या, तीन मिनिटांत ओळ सापडली, वायरलेसवर पत्ता गेला.

बसच्या खुर्चीनं विचारलं, जवळ कोण आहे. नऊ नंबरची बस शेवटची फेरी टाकून रिकामी वर निघाली होती. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, “वळतो.” पत्ता परत म्हणून दाखवला आणि पुन्हा, “वळतो.”

तो खाली उतरला तेव्हा रस्त्यावर घोट्याइतकं पाणी होतं. आई दारात तिच्या वेताच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर पिशवी. तो म्हणाला, “चला आजी.” तर ही म्हणते, “तुम्ही कोण? मला न्यायला माझी लेक यायचीय.” त्यानं वाद घातला नाही. गुडघा धरलाय म्हणून उठता येत नाही हे त्याच्या लक्षात आलं, त्यानं आणि कंडक्टरनं खुर्चीचे हात धरले आणि तिला तशीच बसमध्ये ठेवली. वळताना निम्मी चाकं पाण्यात होती. शाळेच्या दारात उतरवल्यावर आईनं पहिलं काय केलं असेल? खुर्चीचा पाय घासला म्हणून त्याला रागावली.

मी त्याला डेपोत जाऊन भेटले. जाडसर, पन्नाशीचा, डबा खात बसलेला. मी हात जोडले. त्यालाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाला, “बाई, आभार कसले मानता? हजेरी पुरी व्हायला नको?”

मी बसस्टॉपवर आले आणि दोन बस जाऊ दिल्या. एका अनोळखी माणसानं, एका कागदावर एक खूण झालेली नाही म्हणून, चढत्या पाण्यात बस वळवली. अकरा वर्षं त्या खोलीत बसून हे सगळं किती मोठं आहे ते मला कळलं नव्हतं.

तुझ्या तीनांतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. दुसऱ्याचं एवढंच, की यादीत घोळ झाला होता. तिसऱ्याचं मग लिहिते.

तुझी धाकटी

&nbsp;

मंगळवार, ३ ऑक्टोबर

दादा,

‘यादीत घोळ झाला होता’ हे वाक्य मी बारा दिवस चघळतेय. आमच्या कचेरीत असली वाक्यं फार चालतात. घोळ आपोआप होतो त्यात, करणारं कुणी नसतं. तर तो घोळ मी केला.

परवा गुरुवारी आढावा बैठक आहे. वरून एक अधिकारी बाई येणार आहेत. आमच्या साहेबांनी एका कागदावर मोठं शून्य छापून घेतलंय, जीवितहानी शून्य. त्यांना अभिमान वाटतोय, वाटायलाच हवा. त्या बैठकीत मी काय बोलणार ते आधी तुला सांगायला हवं, कारण ते कळल्यावर आईला माझ्याकडे ठेवायचा हक्क मला उरत नाही. गेले तीन आठवडे मी तुझ्यापासून लपवतेय ते एवढ्यासाठीच.

ज्यांना चालता येत नाही त्यांची एक वेगळी यादी असते. एकशे सदतीस नावं. नाव, घर, वय, आजार, आणि शेवटचा रकाना: ‘आणणार कोण’. रकाना माझ्याच डोक्यातून निघाला. नियमही माझाच. पुढे दोन्ही सगळ्या जिल्ह्यांनी उचलले. आणणारा माणूस दहा मिनिटांच्या अंतरावरचा हवा आणि त्या दिवशी त्याला दुसरं काम नको. दोन वर्षांपूर्वी एका बंबवाल्यानं स्वतःच्या वडिलांपुढे स्वतःचंच नाव लिहिलं होतं. मी त्याला फोन करून असा फैलावर घेतला म्हणतोस. “आग लागली तर तुम्ही बंबावर असणार की वडिलांपाशी? एक माणूस दोन ठिकाणी नसतो.” बिचारा सॉरी म्हणाला.

मे महिन्यात आईचा गुडघा धरला. मी तिचं नाव त्या यादीत घातलं. शेवटच्या रकान्याशी आले. शेजारी शिंपीकाका आहेत, त्यांचे दोघे धडधाकट मुलगे आहेत, विचारलं असतं तर तिघंही आनंदानं हो म्हणाले असते. पण शेजाऱ्याचं नाव लिहायचं म्हणजे पाणी आलं तर मी येऊ शकणार नाही हे शाईनं लिहायचं. म्हणजे तू म्हणत होतास तेच. मी माझं नाव लिहिलं. तुझ्या नाकावर टिच्चून लिहिलं, दादा. तू तिथं नव्हतास तरी.

त्या शुक्रवारी शिंपीकाका मुलांना घेऊन आईच्या दाराशी आले होते. गल्लीत वाटलेली यादी हातात. आई म्हणाली, “माझी लेक येणार आहे, तसं लिहिलंय.” काकांनी ओळ वाचली. माझंच नाव. कचेरीतली बाई जातीनं येणार म्हटल्यावर त्यांना काय शंका येणार? ते पुढच्या घरी गेले, तिथल्या लुळ्या आजोबांना उचलायला. त्यांचा काडीचा दोष नाही. माझ्या यादीवर लोकांचा विश्वास आहे. तो मीच अकरा वर्षं फोन करकरून तयार केलाय.

आता शेवटचं. मास्तरांना ती ओळ सापडली तेव्हा घाईत शेवटचा रकाना न बघता त्यांनी चिठ्ठीवर नाव सोडून नुसता पत्ता, वय आणि अवस्था लिहून ती माझ्यापुढे सरकवली. वायरलेसवर पत्ता वाचणं सूचनेच्या खुर्चीचं काम. मी वाचलं, “गल्ली सात, घर अकरा, वय चौऱ्याहत्तर, चालता येत नाही.” इतकी यंत्रासारखी वाचते मी, की वाचताना काही कळत नाही. मग नियमाप्रमाणे पलीकडून ड्रायव्हरनं परत म्हटलं. गल्ली सात, घर अकरा. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, हे आपलं घर.

मी उठले नाही, दादा.

कुणाला सांगितलंही नाही. माईकवर दुसरं कुणी बसवायचं तर त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली असती, आणि खालच्या गिरणीतून परगावचे कामगार अजून निघत होते, ते गल्ल्यांच्या याद्यांत नसतात. दहा दोनला ‘एक कमी’ लागलं, दहा अठ्ठावीसला ड्रायव्हर म्हणाला, “मिळाल्या.” मधल्या सव्वीस मिनिटांत मी तीन सूचना वाचल्या. कुठला रस्ता बंद, कुठला चालू, गिरणीच्या मागचं फाटक उघडलंय. टेबलावरच्या कुणालाही अजून माहीत नाही की ती ‘एक’ म्हणजे माझी आई.

तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. मी ऐकून घेईन.

तुझी धाकटी

&nbsp;

सोमवार, ९ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तू शिव्या घालशील म्हणून मी दोन दिवस ते पालथं ठेवलं होतं. उलटं केलं तर एकच ओळ. ‘मी घ्यायला येऊ का?’ आणि मायना होता या वेळी, ‘छोटे’ म्हणून. पस्तीस वर्षांत मला तशी हाक कुणी मारली नव्हती.

आधी बैठकीचं सांगते. साहेबांनी शून्य दाखवलं, टाळ्या झाल्या. अधिकारी बाई पिकल्या केसांच्या, सर्दीनं बेजार, हातात रुमाल. त्यांनी विचारलं, “कुणाला काही सांगायचंय?” मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रकाना, शिंपीकाका, चिठ्ठी. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. चित्रकलेचे मास्तर माझ्याकडे बघतच राहिले, मग त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी विचारलं, “किती मिनिटं?”

“सव्वीस.”

“त्यात किती सूचना वाचल्या?”

“तीन.”

“बरोबर वाचल्या?”

“हो.”

त्यांनी लिहून घेतलं. नाक पुसलं. मग सोबतच्या माणसाला म्हणाल्या, “आजच्या आज सगळ्या जिल्ह्यांच्या याद्या काढा. जिथं जिथं आपल्याच माणसानं स्वतःचं नाव लिहिलंय, ते मला हवंय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आला. एक्केचाळीस. दादा, माझ्यासारखे आणखी चाळीस जण. दवाखान्यातल्या नर्सा, वीज मंडळाचे लाइनमन, वायरलेसवाले, धरणावरचा तो फोन करणारा इंजिनिअरसुद्धा. त्या दिवशी जी माणसं दुसऱ्यांच्या दारात उभी असणार, त्या सगळ्यांनी आपल्या आईपुढे, आपल्या लेकरापुढे स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं. कुणाला कुणाचं माहीत नाही. नियम सगळ्यांना पाठ आहे, आणि मनातून प्रत्येकाला वाटतंय की आपण दोन्हीकडे पोचू. मी ती यादी हातात घेऊन बसले आणि एकेक नाव पुन्हा वाचलं. इतके दिवस मला त्या भल्या माणसांत मीच काय ती खोटी वाटत होते.

ती एक्केचाळीस नावं आता खोडली. माझ्याकडून यादीचं काम काढून मास्तरांना दिलं. मला वाटलं माईकही जाणार. बाई म्हणाल्या, “माईक यांच्याकडेच राहू दे.” ही शिक्षा की शाबासकी, मला ठरवता येत नाही. याचा अर्थ मात्र मला कळतो. पुन्हा कधी पाणी आलं तर मी त्या खुर्चीतच असणार. आईपर्यंत मी कधीच येणार नाही.

आकडा आला त्याच रात्री आईला सांगितलं. ती गुडघ्याला तेल चोळत होती. ऐकताना हात थांबला नाही तिचा. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, “माझंच घर आहे हे तुला कळलं होतं?”

म्हटलं, “हो.”

“मला वाटलंच.” बाटलीला बूच लावलं. “खांबावर कर्णा आहे ना आपल्या दारासमोर. तू बोलत होतीस ते मला ऐकू येत होतं. रस्ता बंद आहे, फाटक उघडलंय. म्हणजे तू कचेरीतच आहेस हे मला समजत होतं की. तरी वाटायचं, एवढं बोलून झालं की येईल.”

मी तिच्या पायाशी बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेलाचाच. म्हणाली, “तू तिथंच बसायला हवंस. तुझा आवाज ऐकून लोक चालत होते, मी बघत होते दारातून. बायका कडेवर पोरं घेऊन तुझं ऐकत चालल्या होत्या. मला किती बरं वाटलं माहितीय? पण आता मला दारात बसून कुणाची वाट बघायची नाही.”

तर, दादा, ये. शनिवारी मोठा रस्ता खुला होतोय. तिला खिडकीजवळची जागा दे, डावा पाय लांब करता येईल असं बघ. चहा बिनसाखरेचा सांगेल आणि तुझ्या कपातला पिईल. गाडीत पहिला तासभर माझ्याविषयी बोलेल, दुसऱ्या तासात तुझ्या बायकोविषयी, मग झोपेल. तुझ्या शेजारी कोण राहतं ते आधीच विचारून ठेव. त्यांचं नाव, त्यांचा फोन. तू कामावर असताना तिला उचलायला कोण येईल, ते लिहून भिंतीवर लाव. तुझं नाव लिहू नकोस.

तू येणार हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर आजपासूनच दाराशी बसेल. तू घरातून निघालास, गाडी सुरू झाली, की मला फोन कर. मग सांगेन.

छोटी